हलकी लागत्या गाडी

मला दोन तऱ्हेच्या गाड्या चालवायला आवडतात. एकदम हलकी स्पोर्ट्स कार आणि चांगली लांबलचक बस. ऐकणाऱ्याला गंमत वाटते. ज्योत्स्ना, माझी बायको, म्हणते, "तुला मधलं काही जमतच नाही."

माझी स्पोर्ट्स कार दोन सीटची, बिनछपराची, सहाशे ऐंशी किलोंची. तिचं नाव टिकली. वजन हा गाडीचा शत्रू, हे माझं ब्रीद. मी तिचा रेडिओ काढला, स्टेपनी काढली, दारांची अस्तरं काढली, आणि एका रविवारी शेजारची सीटही काढली. अकरा किलो वाचले. ज्योत्स्ना म्हणाली, "मी त्रेसष्ट किलोंची. म्हणजे एकूण चौऱ्याहत्तर वाचवलेस." मी म्हणालो, हो, बेरीज बरोबर आहे. मी कसा माणूस होतो हे यावरून कळावं.

टिकली मनात आलं की वळते. बसचं तसं नाही. बसला आधी अर्ज करावा लागतो, मग मंजुरी येते, मग ती वळते. पण तिच्या मोठ्या काचेमागे बसलं की रस्ता थेट पायाखालून सरकतो, आणि आपण फार मोठं काहीतरी सांभाळतोय असं वाटतं. चोविसाव्या वर्षी मी हौसेनं जड वाहनाचा परवाना काढला होता. ही दोन सुखं एकाच गाडीत मिळाली तर, हा विचार पुढं वीस वर्षं डोक्यात होता. दोन हजार अडतीस साली मी तो खरा करून दाखवला. आज मला त्याची लाज वाटते, आणि जे सांगतोय ते त्या लाजेपोटीच.

पूर्वीच्या गाडीत स्टिअरिंगपासून चाकांपर्यंत लोखंडी दांडा असायचा. चाकाला जे कळायचं ते दांड्यातून हाताला कळायचं. खड्डा, खडी, ओलं डांबर, भरलेली गाडी, रिकामी गाडी, सगळं. आताच्या विजेच्या बसमध्ये दांडा नाही, तार आहे. तुम्ही स्टिअरिंग फिरवता, तारेतून संगणकाला संदेश जातो आणि संगणक चाकं वळवतो. हाताला त्यातलं काहीच कळत नाही. म्हणून स्टिअरिंगमागे एक छोटी मोटर बसवतात. ती हाताला विरोध करते, म्हणजे आपण खरीखुरी गाडी वळवतोय असं वाटतं. तो विरोध बनवलेला असतो. किती असावा, कधी असावा, हे कोणीतरी बसून ठरवतं. आमच्या बस बनवणाऱ्या कंपनीत ते ठरवणारा माणूस मी, निरंजन सरनाईक.

विरोध बनवायचाच, तर तो बसचाच कशाला बनवायचा? मी टिकलीला एकशे दहा सेन्सर लावले, आंबेझरी घाटात तिला चारशे वेळा चालवलं, तिचं स्टिअरिंग हाताला कसं लागतं ते मोजलं आणि तोच हात बसला दिला. जोडीला बसच्या प्रत्येक चाकाजवळ असे दट्टे बसवले, की वळणावर झुकणारी बाजू ते क्षणात वर उचलतात. त्यामुळे गाडी झुकतच नाही. चौदा टनांची बस चालवणाऱ्याला सातशे किलोंची वाटते. उलटायची भीती नाही, कारण टायरची पकड सुटायच्या आत संगणक गाडी आवरतो. या सगळ्याला आम्ही 'हातगुण' असं नाव दिलं. नाव मीच सुचवलं होतं.

भाराची चाचणी आम्ही वाळूच्या पोत्यांवर केली. प्रत्येक सीटवर पासष्ट किलोंचं पोतं, पट्ट्यानं बांधलेलं, आणि उभ्या प्रवाशांच्या नावानं मधल्या वाटेत पोत्यांची रास. एकही पोतं हललं नाही. आम्ही पेढे वाटले. वाळूच्या पोत्याला पाय नसतात आणि ते उभं राहत नाही, हे कुणालाही सांगता आलं असतं. आम्ही सात इंजिनिअर होतो आणि कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मग खऱ्या माणसांची चाचणी झाली. कंपनीची चाळीस माणसं सीटांवर बसवली, आणि चालवायला डोंगरवाट परिवहनच्या कोल्हापूर डेपोतून बसगोंडा चौगुले यांना बोलावलं. शिरोळकडचे, वय छपन्न, एकतीस वर्षांत एक ओरखडा नाही. सगळे त्यांना आण्णा म्हणत. "नावातच बस हाय, दुसरं काय करणार," हा विनोद त्यांनी हजारदा ऐकला असेल, तरी दर वेळी हसायचे. त्यांच्या गाडीची कंडक्टर नाझनीन मुजावर पुढच्या दाराशी बसली होती. मी आण्णांच्या शेजारच्या सीटवर. केबिनमध्ये आवाज टिपणारं यंत्र चालू होतं.

घाटातलं तिसरं वळण घेतल्यावर मी विचारलं, "कशी वाटते, आण्णा?"

"हलकी लागत्या गाडी."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. आण्णा पुढं बोलत होते.

"पर सायेब, चाळीस माणसं मागं बसल्यात आणि हाताला कोणच लागंना. रिकामी गाडी चालवल्यागत वाटतंय. माणसं हाताला लागली न्हाईत, तर किती दमानं घ्यायचं ते मला कसं कळायचं?"

मी हसलो. "आण्णा, हलकी म्हणजे चांगली. माणसं आरशात बघा की."

"आरशात दिसत्यात. हाताला लागंनात."

"सवय होईल."

त्यांनी पुढचं वळण घेतलं. "तुमी शिकल्याली माणसं. तुमी बरी म्हणताय तर बरी."

आम्हा हौशी लोकांत 'हलकी' याच्याहून मोठी शाबासकी नाही. दोन गाडीवेडे भेटले की एकमेकांच्या गाडीला हलकी म्हणून खूश करतात. ड्रायव्हर लोकांत तो शब्द तक्रारीचा. नट ढिला झाला, चाकात हवा जास्त झाली, घाटात पुढची चाकं रस्ता सोडतायत असं वाटलं, की ते मेकॅनिकला सांगतात, स्टिअरिंग हलकं लागतंय, बघा. डेपोच्या तक्रारवहीत हे शब्द शेकड्यानं सापडतील. मी ती वही कधी उघडली नव्हती. अहवालात मी लिहिलं, 'चालकाचा अभिप्राय: हलकी. अत्यंत अनुकूल.' खाली आण्णांची सही घेतली. त्यांनी न वाचता केली, कारण साहेबानं लिहिलेलं वाचून बघणं त्यांना बरं दिसलं नसावं.

शब्दानं घात केला, असं म्हणायची मला सोय आहे. पण पुढची वाक्यंही मी ऐकली होती. ऐकून हसलो होतो.

एवढ्यावर भागलं नाही. टिपलेल्या आवाजातले आण्णांचे पहिले तीन शब्द मला इतके आवडले, की मी ते कापून जाहिरात विभागाला दिले. पुढचं काढून टाकलं. महिन्याभरात प्रत्येक स्टँडवरच्या पडद्यावर घाटातून सुळकन वळणारी बस दिसायला लागली आणि आण्णांचा आवाज घुमायला लागला, "हलकी लागत्या गाडी." पोरं आण्णांना बघून तसंच म्हणायची. कंपनीनं शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार केला. आण्णा माइकवर म्हणाले, "मी पुढंबी थोडं बोललो हुतो," तेवढ्यात निवेदकानं टाळ्यांची विनंती केली. मी पहिल्या रांगेत होतो. टाळ्या मीही वाजवल्या.

अपघात मंगळवारी झाला, बाजाराच्या दिवशी, सकाळी दहाला. गाडीत सत्तावन्न माणसं, त्यातली सतरा उभी. आंबेझरीच्या पाचव्या वळणावर समोरून मोटारसायकल चुकीच्या बाजूनं आली. आण्णांनी स्टिअरिंग फिरवलं. जुनी बस असती तर ती जडपणानं, थोडी झुकून, वेळ घेत वळली असती. या बसनं हातानं सांगितलं ते तत्काळ केलं. मोटारसायकलवाला वाचला. बसला खरचटलंसुद्धा नाही. आत उभी असलेली सगळी माणसं एकमेकांवर कोसळली, आणि सारिका डकरे नावाच्या अंगणवाडी सेविकेची पाठ सीटच्या लोखंडी कोपऱ्यावर आपटली. तिच्या दोन्ही पायांतली जाणीव गेली.

हे असं का झालं ते मला त्याच संध्याकाळी कळलं. गणित सोपं होतं. उभ्या माणसाचा तोल त्याच्या वजनाच्या सहाव्या हिश्शाएवढ्या आडव्या ओढीनं जातो. आमची बस त्याच्या तिप्पट ओढ सहज सोसते. म्हणजे बसला काही होत नाही, पण आतला माणूस कधीच पडलेला असतो. एरवी ड्रायव्हरला भरल्या गाडीचं वजन हाताला लागतं, म्हणून तो बेतानं वळतो. आणि वळताना गाडी झुकायला लागते, म्हणून उभी माणसं सावध होऊन दांडा घट्ट धरतात. ड्रायव्हरला आणि माणसांना मिळणाऱ्या या दोन्ही सूचना मी काढून टाकल्या होत्या. दोन्ही मला गाडीतले दोष वाटले होते.

चौकशी समिती बसली. अध्यक्ष श्रीमती केळुसकर, कडक पण सरळ बाई. पुढ्यात बसच्या संगणकाची नोंद होती. चालकानं पाव सेकंदात स्टिअरिंग नव्वद अंश फिरवलं. नोंद खरी होती.

आण्णा उभे राहून म्हणाले, "बाई, मी पयल्याच दिवशी सांगितलं हुतं. गाडी हलकी लागत्या."

केळुसकरबाईंनी माझा अहवाल उघडला. "ते तर इथं लिहिलंच आहे. हलकी, अत्यंत अनुकूल. खाली तुमची सही आहे. जाहिरातीतही तुमचाच आवाज आहे ना?"

"व्हय. पर मी पुढंबी बोललो हुतो."

त्यांनी मला विचारलं, "सरनाईक, चाचणीच्या वेळी चालकानं काही तक्रार केली होती?"

चाचणीचे आवाज कंपनी नव्वद दिवसांनी पुसून टाकते. पण अख्खा तुकडा माझ्या घरच्या संगणकात होता, कारण आपल्या यशाच्या गोष्टी मी जपून ठेवतो. खोलीतल्या कुणालाच ते माहीत नव्हतं. बाहेर चारशे बसची मागणी थांबलेली होती. माझं नाव एका मोठ्या पुरस्कारासाठी गेलं होतं. मी घाबरलो, आणि घाबरलेल्या माणसाला जे पटकन सुचतं ते बोललो.

"नाही. त्यांनी स्तुती केली होती."

आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. काहीतरी आठवायचा प्रयत्न करत असल्यासारखे ते माझ्याकडे बघत राहिले, मग खाली बसले. त्यांना कामावरून काढलं, परवाना रद्द झाला. नाझनीननं आपणही ऐकलं होतं असं सांगितलं, पण सोबत काम करणारी म्हणून तिची साक्ष कुणी मोजली नाही.

हातगुण चालूच राहिला. मला पुरस्कार मिळाला. टिकली घेऊन मी घाटात जायचो, पण पाचव्या वळणाच्या अलीकडूनच परत फिरायचो.

पाच महिन्यांनी नाझनीन माझ्या ऑफिसात आली. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"सायेब, आण्णांचं अपील पुढच्या महिन्यात हाय. तुमी त्या दिवशी खरं बोलला न्हाईसा."

मी म्हणालो, शब्दाचा अर्थ आपण जसा लावू तसा असतो. 

"तुमी तुमच्या बसमधनं कधी उभा राहून गेलायसा?"

मी आठवून पाहिलं. माझ्या काय, कुणाच्याच बसमधून मी उभा राहून गेलो नव्हतो. मी नेहमी पुढच्या सीटवर बसायचो, नाहीतर ड्रायव्हरच्या.

"उद्या सकाळी साडेआठच्या गाडीला या," ती म्हणाली. "शीट धरू नका."

मी गेलो. गाडी भरली. नवा ड्रायव्हर तरणाबांड होता आणि खुशीत गाडी हाकत होता, बिचाऱ्याला गाडी रिकामी वाटत होती. घाट लागला तशी उभ्या बायांनी आपापल्या ओढण्या आणि पदर काढून वरच्या दांड्याला गुंडाळले आणि मनगटाला वेढा दिला. पुरुषांकडे टॉवेल होते. दोन म्हाताऱ्या मधल्या वाटेत खालीच बसल्या. नाझनीन पुढच्या काचेकडे नजर लावून उभी होती. प्रत्येक वळणाच्या आधी ती ओरडायची, "धरा!" आणि सगळी गाडी धरायची. तिकिटं फाडायचं सोडून ती हेच काम करत होती. वर्षापूर्वी ही सूचना लोकांना गाडी स्वतः देत असे.

माझ्याकडे टॉवेल नव्हता. चौथ्या वळणावर मी एका बाईच्या मांडीवरच्या पिशवीवर जाऊन आदळलो. टोमॅटो फुटले.

"धरा की नीट," ती म्हणाली. "नवीन हाय काय? ही गाडी अशीच हाय."

शेजारचा म्हातारा मला सांगू लागला, "हिकडं लक्ष द्या, पावनं. बाई धरा म्हणाली की गुडघं वाकवायचं. ज्यानं ही गाडी केली त्याला एकदा हितं उभा केला पायजे." आजूबाजूची माणसं हसली. त्यानं आपल्या टॉवेलचं एक टोक मला धरायला दिलं, आणि उरलेला घाट मी ते धरून उतरलो. मी कोण आहे हे नाझनीननं कुणाला सांगितलं नाही. तिनं सांगितलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

घरी येऊन ज्योत्स्नाला मी अख्खा तुकडा ऐकवला. तिनं शेवटपर्यंत ऐकला.

"हे तुझ्याकडे पहिल्यापासून होतं?"

"हो."

"मग मला कशाला ऐकवतोस? मी समितीत नाही." ती उठून आत गेली.

अपिलाला तेच टेबल होतं, केळुसकरबाईच होत्या. आण्णा कोपऱ्यात बसले होते. बरेच वाळले होते. नाझनीननं मला आधी सांगितलं होतं, की ते दर गुरुवारी सारिका डकरेच्या घरी जातात, तिचा नवरा आत घेत नाही, तरी तासभर बाहेरच्या पायरीवर बसून येतात.

मी उभा राहून सांगितलं की मागच्या वेळी मी खोटं बोललो होतो, आणि आवाज लावला. "हलकी लागत्या गाडी" ऐकून एक सदस्य सवयीनं हसला. मग पुढचं सुरू झालं. हाताला कोणच लागंना. माझं हसणं. आरशात बघा की. आरशात दिसत्यात, हाताला लागंनात. सवय होईल. माझा आवाज त्या खोलीत किती खुशीत होता. घरी तो इतका खुशीत वाटला नव्हता. तुमी बरी म्हणताय तर बरी, इथं तुकडा संपला.

केळुसकरबाईंनी मला एकच प्रश्न विचारला, "पोत्यांऐवजी माणसं का उभी केली नाहीत?" "सुचलं नाही," मी म्हणालो. त्यांनी हातगुण सगळ्या बसमधून उतरवायचा हुकूम काढला. आण्णांचा परवाना परत दिला, त्यांचा दोष नव्हता असं लेखी लिहिलं, आणि माझ्यावर गुन्हा नोंदवायची शिफारस केली. मला ते सगळं योग्य वाटलं. त्यानं काही हलकं झाल्यासारखं वाटलं नाही.

बाहेर व्हरांड्यात आण्णा बाकावर बसले होते. हातातला कागद ते वाचत नव्हते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. काय बोलायचं ते मी घरून पाठ करून आलो होतो. 

"आण्णा, मी तुमचा गुन्हेगार आहे," एवढंच म्हणालो.

त्यांनी वर पाहिलं. "ह्यो आवाज तवाबी तुमच्याजवळ हुता?"

"होता."

"अख्खा?"

"अख्खा."

त्यांनी हातातल्या कागदाची घडी घातली. मला वाटलं, आता शिवी देतील. मला ती हवी होती.

"मी बोललो हुतो म्हणायचं," ते हळू आवाजात म्हणाले. "मला वाटाय लागलं हुतं, मी तेवढंच बोललो, हलकी लागत्या म्हणून. स्टँडवर दिवसभर माझाच आवाज तेवढंच बोलायचा. डकरेबाईंच्या नवऱ्याच्या पायाबी पडून आलो, माझी चूक झाली म्हणून. बायकू म्हणायची, तुमी पुढं बोलला असशीला, नीट आठवा. मी म्हणायचो, न्हाई गं. सरनाईक सायेब हुते की शेजारी. एवढा शिकलेला माणूस, माझ्यासमोर बसून खोटं कशाला बोलंल."